सोलर आणि जनरेटर एकाच छोट्या ग्रीडवर: मोजणीपासून चाचणीपर्यंत

जनरेटरच्या जोडीला सोलर लावलं की डिझेल वाचतं, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. नवख्याची फसगत होते ती त्यापुढे. पॅनेल भरपूर लावलेली असतात, ऊनही कडक असतं, तरी जनरेटर दिवसभर घुरघुरत राहतो, त्याच्या सायलेन्सरमधून काळं तेल गळू लागतं आणि एखादा मोठा ढग आला की अख्खी वसाहत अंधारात जाते. यातल्या बहुतेक भानगडी दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतात. या क्षणी फ्रिक्वेन्सी कोण धरून ठेवतंय? आणि जनरेटरच्या वाट्याला किती लोड उरलाय? पुढची प्रत्येक पायरी करताना हे दोन प्रश्न समोर ठेवा.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. एक छोटी वसाहत: काही घरं, एक दवाखाना, पाण्याचा पंप आणि एक वर्कशॉप. रात्री १० तास सरासरी ४ किलोवॅट लोड, दिवसा १० तास १४ किलोवॅट, संध्याकाळी ४ तास १८ किलोवॅट. म्हणजे दिवसाला ४० + १४० + ७२ = २५२ युनिट. क्षणिक शिखर २२ किलोवॅट. आधीपासून ४० केव्हीएचा एक जनरेटर आहे, ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या किलोवॅटचं प्रमाण) धरला तर तो ३२ किलोवॅटचा झाला.

पायरी १: लोड खरोखर मोजा

बिलावरून किंवा उपकरणांवरचे वॅट बेरजेत धरून काढलेला आकडा इथे चालत नाही. मुख्य पॅनेलवर नोंद ठेवणारा मीटर लावा आणि किमान ७ दिवस, मिनिटाला एक नोंद या हिशेबाने माहिती गोळा करा. सुट्टीचा दिवस त्यात आलाच पाहिजे, कारण सर्वांत कमी लोड त्याच दिवशी दिसतो आणि घोटाळेही कमी लोडलाच होतात.

मोटारी वेगळ्या लिहा. थेट स्टार्टरवर चालू होणारी इंडक्शन मोटार सुरू होताना नेहमीच्या ६ ते ७ पट करंट ओढते. ४ किलोवॅटचा साधा पंप इन्व्हर्टरला गुडघ्यावर आणू शकतो. त्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेत बसण्यापेक्षा पंपाला सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू सुरू करणारं उपकरण) किंवा व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

पायरी २: जनरेटरची खालची मर्यादा ठरवा

डिझेल इंजिन किती लोड उचलतं याची चौकशी सगळे करतात. ते किमान किती लोडवर चालवायचं, हे फार थोडे विचारतात. बहुतेक उत्पादक सततच्या वापरासाठी क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली जाऊ नका असं सांगतात. कमी लोडवर सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि न जळलेलं डिझेल काजळीत मिसळून एक्झॉस्टमध्ये साचतं. यालाच वेट स्टॅकिंग म्हणतात. एक्झॉस्टच्या जोडावर काळा, चिकट ओघळ दिसला की समजा, हे बरेच दिवस चाललेलं आहे. लवकर लक्षात आलं तर ७० ते ७५ टक्के लोडवर काही तास चालवून बरंचसं जळून जातं. सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र इंजिन खोलावं लागतं.

शिवाय कमी लोडवर डिझेलही महाग पडतं. पूर्ण लोडच्या आसपास एका युनिटला ०.२७ ते ०.३० लिटर लागत असेल, तर पाव लोडवर ते ०.४० लिटरच्या पुढे जातं. म्हणून सोलरने जनरेटरचा लोड निम्मा केला तरी डिझेल निम्मं होत नाही.

आपल्या उदाहरणात ३० टक्के म्हणजे साधारण १० किलोवॅट. आता साधी वजाबाकी करा. दुपारचा लोड १४, त्यातून जनरेटरचे १० गेले, सोलरला जागा उरली ४ किलोवॅटची. छतावर ५० किलोवॅटची पॅनेल असली तरी बॅटरी नसताना आणि जनरेटर चालू असताना वापरता येणार फक्त ४! हा हिशेब कागदावर न मांडता पॅनेल विकत घेणं, ही या कामातली सर्वांत महाग चूक.

जनरेटर बदलणं शक्य असेल तर थोडा लहान घ्या. २५ केव्हीए, म्हणजे २० किलोवॅटचा असेल तर खालची मर्यादा ६ वर येते आणि सोलरला ८ किलोवॅट मिळतात. अचानक ढग आला तरी पूर्ण १४ किलोवॅट तो एकटा पेलतो. त्याहून लहान, १२ किलोवॅटचा घेतला तर सोलरला १० मिळतील. पण ढग आला की २ किलोवॅट कमी पडतील आणि पंप ताबडतोब सोडावा लागेल. सोलर क्षणात गायब झालं तर उरलेली यंत्रणा लोड पेलेल का, याला स्पिनिंग रिझर्व्हचा हिशेब म्हणतात. मोठ्या ढगाच्या सावलीत सोलरचं उत्पादन अर्ध्याहून जास्त पडायला काही सेकंद पुरतात, आणि थंड जनरेटर तेवढ्या वेळात सुरू होऊन लोड घेऊ शकत नाही.

पायरी ३: सूत्रधार कोण, ते ठरवा

साधा ग्रीड-टाय सोलर इन्व्हर्टर स्वतःहून वीज तयार करत नाही. समोर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दिसली की तो तिच्या मागे चालतो. ती गेली की सुरक्षिततेसाठी बंद पडतो. म्हणून कोणीतरी सूत्रधार लागतोच. तो जनरेटर असेल, किंवा ग्रीड-फॉर्मिंग प्रकारचा, म्हणजे स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी उभी करणारा, बॅटरी इन्व्हर्टर.

जनरेटर सूत्रधार असेल तर त्याचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, पाहा. जुन्या यांत्रिक गव्हर्नरला ४ टक्के ड्रूप (लोड वाढेल तसा वेग थोडा उतरू देण्याचं प्रमाण) असेल तर पूर्ण लोडवर ५० हर्ट्झ देणारा जनरेटर विनालोड ५२ हर्ट्झवर फिरतो. ३० टक्के लोडवर तो ५१.४ च्या आसपास राहतो. आता ज्या सोलर इन्व्हर्टरला ‘फ्रिक्वेन्सी वाढली म्हणजे वीज जास्त झाली’ असं शिकवलेलं आहे, तो हे पाहून स्वतःचं उत्पादन कमी करतो. लोड जनरेटरवर जातो, फ्रिक्वेन्सी खाली येते, इन्व्हर्टर पुन्हा वर चढतो. हा झोपाळा दिवसभर चालतो आणि लोक पॅनेल धुवत बसतात. उपाय दोन: लोड कितीही असला तरी ५० हर्ट्झ धरून ठेवणारा इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर, किंवा इन्व्हर्टरमध्ये जनरेटर अथवा ऑफ-ग्रीडसाठीची रुंद सेटिंग. शक्य असेल तर गव्हर्नर बदला. सेटिंग रुंद करून लक्षण झाकलं जातं, हेलकावे राहतातच.

बॅटरी इन्व्हर्टर सूत्रधार असेल तर चित्र सोपं होतं. जनरेटर बहुतेक वेळ बंदच राहतो आणि चालतो तेव्हा भरपूर लोडवर. सोलरची वीज जास्त झाली की बॅटरी इन्व्हर्टर मुद्दाम फ्रिक्वेन्सी वर नेतो, समजा ५०.२ पासून ५१.५ पर्यंत, आणि सोलर इन्व्हर्टर त्या प्रमाणात हात आखडता घेतात. दोन्हीकडचे आकडे जुळलेच पाहिजेत. एका बाजूला ५१.५ ला शून्य आणि दुसऱ्या बाजूला ५१ ला ट्रिप असं असेल, तर उन्हाच्या ऐन भरात सोलर एकदम तुटतं आणि पुन्हा जोडायला मिनिटभर ते पाच मिनिटं घेतं.

इथे एक खाच आहे, ती अनुभवी लोकांनाही चकवते. जनरेटर जोडला गेला की फ्रिक्वेन्सी जनरेटर ठरवतो, आणि बॅटरी इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी वाढवण्याची युक्ती निकामी होते. ढगाळ दुपारी बॅटरी उतरली, जनरेटर सुरू झाला आणि तेवढ्यात लख्ख ऊन पडलं, तर सोलरला थांबवणारं कोणी उरत नाही. बॅटरी ती वीज घेते तोवर ठीक. पण बॅटरीच्या बीएमएसने (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) चार्जिंग रोखलं, उदाहरणार्थ सेलचं तापमान शून्य अंशाखाली गेल्यामुळे, तर सगळी वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते. म्हणून जनरेटर चालू असताना सोलरला मर्यादा घालण्याचा वेगळा मार्ग हवाच: कंट्रोलरकडून मॉडबसवर (उपकरणांच्या आपापसातल्या संदेशांच्या पद्धतीने) आदेश, किंवा निदान काही सोलर इन्व्हर्टर तोडणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच.

पायरी ४: मापं काढा

उदाहरणात ५० किलोवॅट पीक (म्हणजे कडक उन्हातली कमाल क्षमता) पॅनेल घेऊ. चांगल्या उन्हात, नुकसान वजा जाता, एका किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरली तर २०० युनिट मिळतात. तुमच्या जागेचा आकडा वेगळा असेल. तो सर्वांत वाईट महिन्याचा आणि वार्षिक सरासरीचा, असा दोन्ही वेळा घालून हिशेब करा. २०० पैकी १४० दिवसाच्या लोडला थेट जातात, ६० बॅटरीत. संध्याकाळी जनरेटर अडीच तास चालवा: १८ किलोवॅट लोडला, ६ किलोवॅट चार्जिंगला, एकूण २४. म्हणजे बरोबर ७५ टक्के लोड, इंजिनाला मानवणारा. त्यातून ४५ युनिट थेट वापरली गेली आणि १५ बॅटरीत गेली. बॅटरीत एकूण ७५ झाली. साधारण १० टक्के येण्याजाण्यात गेली तरी ६७ उरतात. संध्याकाळचा उरलेला दीड तास २७ आणि रात्रीचे ४०, बेरीज ६७. चोवीस तास चालणारा जनरेटर अडीच तासांवर आला. शिवाय तो अंधार पडल्यावर चालत असल्यामुळे उलट्या विजेची वरची खाच चांगल्या दिवशी उद्भवतच नाही. घड्याळाने मिटणारा प्रश्न सॉफ्टवेअरने सोडवायला जाऊ नये.

बॅटरी ९० ते १०० युनिटची, लिथियम आयर्न फॉस्फेट, क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत वापरायची. लेड-अॅसिड आधीच असेल तर चालवा, पण नवी घेऊ नका: तिचा शेवटचा १५-२० टक्के भाग अगदी कमी करंटवर तासन्‌तास भरत राहतो, आणि त्या काळात जनरेटर नेमका तुम्हाला नको असलेल्या कमी लोडवर फिरतो.

५० किलोवॅट पॅनेलसाठी सोलर इन्व्हर्टर ४० किलोवॅटचे पुरतात. ते एसी बाजूला जोडत असाल तर बॅटरी इन्व्हर्टरचे केव्हीए सोलर इन्व्हर्टरच्या किलोवॅटपेक्षा कमी नकोत. एखादा मोठा लोड अचानक तुटला तर ते ४० किलोवॅट क्षणभर बॅटरी इन्व्हर्टरलाच गिळावे लागतात. प्रत्येक फेजला १५ केव्हीए असे तीन, म्हणजे ४५ केव्हीए, इथे योग्य.

पायरी ५: कंट्रोलर, सीटी आणि वायरी

‘स्मार्ट’ म्हणतात ते खरं तर एवढंच: जनरेटरवरचा लोड दर सेकंदाला मोजायचा, त्यातून सोलरची मर्यादा काढायची आणि इन्व्हर्टरना कळवायची. सूत्र वरचंच: सोलर मर्यादा = एकूण लोड + बॅटरी चार्जिंग − जनरेटरची खालची मर्यादा. मर्यादा ठरवताना ३० टक्क्यांवर आणखी ५ टक्के फट ठेवा, कारण आदेश पोचून इन्व्हर्टर हलेपर्यंत एक-दोन सेकंद जातात.

आरएस-४८५ ची, म्हणजे हे आदेश वाहून नेणारी, तार एका उपकरणातून दुसऱ्यात अशी साखळीने न्या, मधूनच फाटे फोडू नका. जोडवायर पीळ घातलेली आणि शिल्डची हवी, पॉवर केबलपासून लांब. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, मधल्या उपकरणांना नाही. प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता द्या आणि बॉड रेट (संदेशांचा वेग) सगळीकडे सारखा ठेवा. काहीच बोलत नसेल तर आधी ‘ए’ आणि ‘बी’ तारा अदलून पाहा. उत्पादक ही अक्षरं उलटसुलट वापरतात.

सर्वांत महत्त्वाची सेटिंग बहुधा मेन्यूत खोल लपलेली असते: संपर्क तुटला तर इन्व्हर्टरने काय करायचं. कारखान्यातून येताना ती ‘पूर्ण क्षमतेने चालू राहा’ अशी असू शकते. ती बदलून ५ ते १० सेकंदांत शून्यावर, किंवा निदान सुरक्षित आकड्यावर येईल अशी करा.

सीटी (तारेभोवती बसवून करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवताना बाण लोडच्या दिशेला, आणि ज्या फेजचा सीटी त्याच फेजचं व्होल्टेज. तपासायला हीटरसारखा साधा लोड तिन्ही फेजवर सारखा चालवा. एखाद्या फेजचा आकडा उणे पण पूर्ण दिसला तर सीटी उलटा बसलाय. उणे आणि निम्मा दिसला तर फेज चुकलाय. दोन सीटी अदलाबदल झाले असतील तर तिन्ही फेजची बेरीज शून्याजवळ येते. कंट्रोलरला वाटतं लोडच नाही आणि तो सोलर बंद करतो. करंट वाहत असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणाऱ्या तारा) कधीही उघडी करू नका, तिथे घातक व्होल्टेज तयार होतं.

पॉवर फॅक्टरचाही विचार इथेच करा. सोलर इन्व्हर्टर मूळ सेटिंगवर फक्त किलोवॅट देतात, केव्हीएआर (मोटारींच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) जनरेटरच्या गळ्यात राहतात. १४ किलोवॅट लोड ०.८ पॉवर फॅक्टरचा असेल तर १०.५ केव्हीएआर लागतात. सोलरने ८ किलोवॅट उचलले की जनरेटरवर ६ किलोवॅट आणि १०.५ केव्हीएआर उरतात, मीटर ०.५ दाखवतो आणि लोक जनरेटर बिघडला म्हणतात. आल्टरनेटर केव्हीएच्या मर्यादेत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. इन्व्हर्टरनाही थोडे केव्हीएआर द्यायला लावता येतं. धोका उलट बाजूला आहे: कपॅसिटर बँक चालू राहून पॉवर फॅक्टर लीडिंग झाला, म्हणजे केव्हीएआर उलटे जनरेटरकडे वाहू लागले, तर एव्हीआरचा (व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाचा) ताबा सुटून व्होल्टेज चढत जातं. जनरेटर चालू असताना कपॅसिटर पॅनेल आपोआप सुटेल अशी सोय करा.

पायरी ६: संरक्षण

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, पण काय मागायचं ते तुम्हाला माहीत हवं.

रिव्हर्स पॉवर रिले (जनरेटरमध्ये उलटी वीज शिरली की ओळखणारं उपकरण) डिझेल जनरेटरसाठी सहसा क्षमतेच्या ५ ते १० टक्क्यांवर आणि काही सेकंदांच्या विलंबाने लावतात. त्याने आधी सोलरचा कॉन्टॅक्टर उघडावा, आणि तरीही वीज उलटीच वाहत असेल तर जनरेटरचा ब्रेकर. क्रम उलटा ठेवला तर जनरेटर सुटतो, सोलरला सूत्रधार उरत नाही आणि सगळंच बंद पडतं.

शॉर्टसर्किटच्या वेळी इन्व्हर्टर फारसा करंट देत नाही, हे नवख्यांना ठाऊक नसतं. १५ केव्हीएच्या फेजला २३० व्होल्टवर ६५ अॅम्पियर होतात; क्षणभर दुप्पट दिले तरी १३०. सी प्रकारच्या ३२ अॅम्पियर एमसीबीला झटक्यात पडायला १६० ते ३२० लागतात. म्हणजे शेवटच्या घरात शॉर्ट झाला तर एमसीबी जागचा हलत नाही आणि इन्व्हर्टर बंद होऊन सगळ्यांची वीज जाते. त्या फीडरला बी प्रकारचा, २० अॅम्पियरचा घातला तर ६० ते १०० मध्ये पडतो. सोबत आरसीडी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा) हवाच.

न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड, जो स्रोत सध्या सूत्रधार आहे त्याच्याकडे एकच असावा. जनरेटर आला-गेला की हा जोड कोण करतं आणि कोण सोडतं, ते नकाशावर लिहून ठेवा. न्यूट्रल अधांतरी राहिला तर एका फेजवर १५० आणि दुसऱ्यावर ३५० व्होल्ट, असं होऊन उपकरणं जळतात. चेंजओव्हर (एका स्रोतावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) चार पोलचा, यांत्रिक इंटरलॉकसह घ्या. बाहेरची लाइन येत असेल तर तिच्यात आपली वीज उलटी जाणं म्हणजे खांबावरच्या लाइनमनच्या जिवाशी खेळ.

पायरी ७: सुरू-बंदची सेटिंग आणि लोडची उतरंड

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की जनरेटर सुरू, ७५ ते ८० टक्क्यांना बंद. शंभरपर्यंत भरू नका, सकाळच्या उन्हाला जागा हवी. एकदा सुरू झाला की किमान ३० मिनिटं चालू द्या. लोड घेण्याआधी मिनिट-दोन मिनिटं तापू द्या आणि बंद होण्याआधी ३ ते ५ मिनिटं विनालोड थंड होऊ द्या. सुरू होण्याचा दुसरा निकष लोडचा ठेवा: इन्व्हर्टरच्या ८० टक्क्यांवर २० सेकंद. कमी वेळ ठेवलात तर पंपाच्या प्रत्येक धक्क्याला जनरेटर उठेल.

लोडचे तीन गट करा. दवाखाना आणि दिवे कधीच सोडायचे नाहीत. पंप आणि पाणी तापवणं ऊन असताना आपोआप चालवायचं. वाया जाणारी वीज मुरवायला पाण्याच्या टाकीइतकी स्वस्त बॅटरी नाही. बाकीचे लोड वीज कमी पडली की क्रमाने सोडायचे. स्कॉटलंडच्या एग बेटावर २००८ पासून जलविद्युत, वारा आणि सौर यांवर चालणारं, डिझेल जनरेटरचा आधार असलेलं स्वतःचं ग्रीड आहे. तिथे प्रत्येक घराला ५ किलोवॅटची आणि व्यवसायाला १० किलोवॅटची कमाल मर्यादा आहे, आणि जास्तीची वीज सार्वजनिक इमारती गरम ठेवायला वापरतात. छोट्या ग्रीडला अशी मर्यादा घालणं मोठी बॅटरी घेण्याहून परवडतं, फक्त ती पहिल्या दिवसापासून घालायला हवी. नंतर कोणी ऐकत नाही.

पायरी ८: मुद्दाम बिघाड करून पाहा

स्वच्छ उन्हाच्या दुपारी, सर्वांना कळवून, या चाचण्या करा. सोलरचा ब्रेकर पूर्ण उत्पादनावर पाडा: दिवे मिणमिणले तरी जाता कामा नयेत. जनरेटर चालू असताना सर्वांत मोठा लोड तोडा आणि जनरेटरचे किलोवॅट शून्याखाली जातात का पाहा. आरएस-४८५ ची तार उपसा आणि घड्याळ लावून बघा, सोलर ठरलेल्या सेकंदांत खाली येतं का. फेजचा क्रम मीटरने तपासा. पंप उलटा फिरला तर पाणी कमी येतं, पण येतं, त्यामुळे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. शेवटी सगळं बंद करून अंधारातून पुन्हा उभं करा, आणि हे काम रोज तिथे राहणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

नंतरची देखभाल

सोलर चांगलं चाललं की जनरेटरकडे कोणी फिरकत नाही आणि आठवडाभराच्या पावसात तो सुरूच होत नाही. यामागे बहुतेक वेळा इंजिन नसतं, स्टार्टरची बॅटरी असते. तिला स्वतंत्र चार्जर द्या आणि तो मुख्य ग्रीडमधल्या न सुटणाऱ्या गटावर जोडा. महिन्यातून एकदा अर्धा तास, ५० टक्क्यांहून जास्त लोडवर जनरेटर चालवा. विनालोड चालवलेला अर्धा तास उपकारापेक्षा अपकारच करतो. टाकीतलं डिझेल सहा महिने ते वर्षभरात खराब होऊ लागतं, तेव्हा टाकी उगाच काठोकाठ भरून ठेवू नका आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी दर चाचणीला काढा. इंजिन ऑइल तासांवर बदलतात तसं कॅलेंडरवरही बदला: वर्षात ४० तासच चाललं असलं तरी वर्षातून एकदा.